बशी भिंतीवर नाही, जमिनीवर

मान हलवू नका सर, हातात वस्तरा आहे—हां, तर सिनेमासाठी गोष्ट शोधायला आलात म्हणता, मग ग्रंथालयात कशाला शिरलात, आधी या खुर्चीत बसायचं—आमच्या मलयाळी सिनेमात जे चालतं ना, ते पहिलं आमच्या तोंडावर उगवतं. बेकार नायकांचे सिनेमे आले तेव्हा आमचं अख्खं ओट्टप्पालम गाव दाढ्या वाढवून लाल झेंड्याखाली उभं, माझ्या बापाचा धंदाच बसला! मग आले जमीनदार नायक—मुंडू, म्हणजे आमची लुंगी, दुमडायचा, मिशीला पीळ द्यायचा, नायिकेच्या थोबाडीत द्यायची आणि थिएटरात शिट्ट्या—मी एका गिऱ्हाईकाच्या मिशीला इतका ताठ पीळ दिला की तो तिच्यावर छत्री अडकवून कचेरीत जायचा, देवाशपथ! ही माझीच बघा, तीस वर्षं तशीच. आणि आता? आता नायक भांडी घासतो, रडतो, अन् पोरं म्हणतात, वेलायुधन चेट्टा—म्हणजे दादा—मिशी उडवा.

दोन वर्षांपूर्वी इथंच एक लेखक बसला होता. त्याला मी रंगवून सांगितलं—कालवणात मीठ कमी म्हणून मी कशी बशी फेकली, आमची बायको तंगमणी कशी थरथरली—म्हटलं, सिनेमात येईल, नाव होईल. झालं की! सिनेमा आला, तंगमणीला घेऊन बघायला गेलो. अख्ख्या थिएटरनं माना वळवून माझ्याकडे पाहिलं. पण साफ खोटं दाखवलंय हो—त्यातला नवरा बशी भिंतीवर फेकतो. मी जमिनीवर फेकली होती! आणि ती बाई मुकाट तुकडे वेचते. तंगमणी कुठं मुकाट होती? म्हणाली, "सरका, तुमच्या पायात जाईल." आणि तुकडा गेला तिच्याच तळहातात. हे त्या लेखकाला नव्हतं सांगितलं. म्हणजे... कुणालाच.

सिनेमाच्या शेवटी ती बाई नवऱ्याला सोडून बसमध्ये चढते, बायकांनी टाळ्या पिटल्या—तंगमणीनंही, त्याच हातानं. म्हटलं, अगं, तुला काय झालं? दुसऱ्या सकाळी ती पिशवी घेऊन गेली पालक्काडला, बहिणीकडे. आज बारा दिवस. रुसली वगैरे नाही हो, मी काही वाटही बघत नाही—खुर्ची रस्त्याकडे फिरवलीय ती उजेडासाठी. काल कालवण मी केलं. मीठ घालायचंच विसरलो. आता बशी फेकायची तर कुणापुढं? खाल्लं गपचूप...

हॉर्न ऐकलात? पालक्काडची बस—आणि ती छत्री... तिचीच! उठा सर, उठा, उरलेली दाढी उद्या—टॉवेल राहू दे गळ्यात, तेवढा आरसा सोडा—ती रस्ता ओलांडायच्या आत ही मिशी उतरवायचीय मला!