गाडी काढावी

आजच्या या सत्कार समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या चाळ समितीच्या प्रमुख सुमेधाताई वैद्य, साताऱ्याहून पहाटेची एसटी पकडून आलेले प्रमुख पाहुणे, निवृत्त सुभेदार कुशाबा जगदाळे, सत्कारमूर्ती श्री. भिवा घाडी; त्यांच्या पत्नी मीराबाई, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या वहिनी; खुर्च्या कमी पडल्यामुळे जिन्याच्या पायऱ्यांवर विराजमान झालेले समितीचे सदस्य; आणि चिंचपोकळीच्या या माणगावकर चाळीतल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

भिवाभाऊंच्या सत्काराचं भाषण वसंत टिपणीस करणार, हे जाहीर झालं तेव्हा मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. मी ऐकलं. हसा, खुशाल हसा. ज्या गाडीसाठी आज हा हार-नारळ, ती भंगारात जावी म्हणून एक नोटीस आणि दोन स्मरणपत्रं ज्या सेक्रेटरीनं लिहिली, तोच आज माइकसमोर उभा आहे. आडनाव टिपणीस, त्यात बत्तीस वर्षं सरकारी कचेरीत टिपण्या लिहिण्यात गेलेली. माझ्या मसुद्यातला काना इकडचा तिकडे करण्याची साहेबांचीही छाती नव्हती. त्याच मसुद्यातल्या एका शब्दानं माझी विकेट काढली.

गाडी आपल्या अंगणात आली ती क्रेनला लटकत, वडाळ्याच्या भंगारातून. जोंगा. लष्करातली जुनी गाडी, जीपपेक्षा अंगानं दांडगी. लष्करातून सुटल्यावर कोणी तिच्यात दुधाचे कॅन वाहिले, कोणा मंडपवाल्यानं तिला गुलाबी रंग फासला. तळ इतका गंजलेला, की आत पाय ठेवावा तर तो थेट चाळीच्या फरशीला टेकायचा. इंजिन जाम. मी विचारलं, "भिवाभाऊ, हे काय आणलंत?" तर म्हणाले, "फौजेत सतरा वर्सां हीच चालवलंय. तीच नाय, पन ह्याच जातीची."

मला वाटलं, रिटायर झालेल्या माणसाला काहीतरी नाद हवा. चार महिने टिकेल आणि सुटेल. टिकला दोन वर्षं! इंजिनात रॉकेल ओतायचं, आणि वाट बघत बसायचं. रोज एक पाना फिरवून बघायचा, हललं नाही की पुन्हा रॉकेल. घाडींची गाडी हा सगळ्या चाळीच्या चेष्टेचा विषय झाला. हातोड्याच्या आवाजानं दुपारची झोप गेली, आणि दुपारची झोप हा आपल्या चाळीत घटनेनं दिलेला हक्क आहे. तक्रारी आल्या. खरं सांगायचं तर त्यांतल्या निम्म्या माझ्याच घरातून आल्या.

मग मी नोटीस काढली. मजकूर पाठ आहे: "अंगणातील गाडी संबंधितांनी दि. ३१ जानेवारीपर्यंत काढावी." सुटसुटीत मराठी. समितीच्या सभेत भिवाभाऊ ती नोटीस हातात घेऊन आले. मी म्हटलं, "टेम्पो मी सांगून ठेवतो." तर हा माणूस शांतपणे म्हणतो, "टेम्पो कित्याक? 'हटवावी' खंय लिवलात? 'काढावी' लिवलात. काढतंय ना मी. चावी लावून, शिस्तीत गेटाभायर काढतंय!"

सभागृहात हशा. मला घाम. गाडी काढणे! सकाळी ड्रायव्हरला आपण काय सांगतो? गाडी काढ. बत्तीस वर्षांच्या नोकरीत हे माझ्या ध्यानात येऊ नये? मी सुमेधाताईंकडे दाद मागितली. ताई म्हणाल्या, "टिपणीस, शब्द तुमचा आहे. गाडी स्वतःच्या इंजिनावर गेटबाहेर गेली, तर नोटीस पाळली गेली. मग ती परत आत आली तरी चालेल. नाही गेली, तर एक तारखेला भंगारवाला उचलेल."

माझा जीव नुसता जळफळत होता. इंजिन तोवर सुटलं होतं, पण कार्बोरेटर निकामी, आणि तो मिळत नव्हता. तो या आपल्या पाहुण्यांनी, भिवाभाऊंचे फौजेतले जुने सोबती असलेल्या कुशाबांनी, साताऱ्याहून आणला. शेंगांच्या पिशवीत घालून, एसटीत मांडीवर घेऊन. शेंगा चाळीत वाटल्या. मीही खाल्ल्या, आणि त्याच संध्याकाळी घरी बसून हा कागद तयार केला. बघा, खिशात आहे अजून. शुद्धिपत्रक! "नोटिशीतील 'काढावी' या शब्दाऐवजी 'हटवावी' असे वाचावे." सही केली, शिक्का मारला. सकाळी बोर्डावर लागला असता, की खेळ खलास.

वहिनी, मी तुमची परवानगी न घेता सांगतोय, रागावू नका. सकाळी बोर्डाकडे निघालो तर वहिनी दारात. हातात घावन्यांची ताटली. माझ्या हातातला कागद त्यांनी पाहिला, वाचला. मला वाटलं, आता रडारड. तसं काही नाही. उंबऱ्यावर उभ्या राहून त्यांनी मला चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट सांगितली. लग्नानंतर पहिल्यांदाच त्या नवऱ्याकडे छावणीत राहायला निघाल्या होत्या. रेल्वे स्टेशनात लवकर पोचली, न्यायला माणूस आलेला नव्हता. तीन किलोमीटर चालायचं, डोक्यावर ट्रंक, कडेवर पोर. मागून जोंगा आली. चालवणारे भिवाभाऊ. मागच्या-पुढच्या सगळ्या सीटा रिकाम्या. पण सरकारी गाडीत घरचं माणूस घ्यायचं नाही, हा नियम. ते थांबले नाहीत.

"माझ्याकडे बघल्यानी पन नाय," वहिनी म्हणाल्या. "मी म्हटलंय, बरां केल्यात, नोकरी वाचली. माका राग नाय इलो हो. पन तेंच्या मनातून ता कधी गेलाच नाय. तुमी शब्द तेवढो बदलू नकात."

मी नियमाचा माणूस आहे. नियम पाळताना आतून काय तुटतं, हे मला कोणी असं सांगितलं नव्हतं. लाज वाटली मला. कागद खिशात गेला आणि मी मुकाट्यानं घावने खाल्ले.

एकतीस तारीख तुम्ही सगळ्यांनी पाहिलीच आहे. गुलाबी रंग खरवडून काढलेला, खाली लष्करी हिरवा चकचकतोय. वहिनींना भिवाभाऊंनी आधीच गेटाबाहेर, फुटपाथवर जाऊन उभं राहायला सांगितलेलं. एकदा चावी फिरवली, गाडी खोकली. दोनदा फिरवली, पुन्हा खोकली. कुशाबा बॉनेटमध्ये कमरेपर्यंत शिरलेले. तिसऱ्यांदा मात्र अशी गर्जली, की चाळीच्या तिन्ही मजल्यांवर टाळ्यांचा कडकडाट! गाडी हलली, गेटाशी आली आणि थांबली. का? गेटात भंगारवाल्याचा टेम्पो उभा. कोणी बोलावला होता? मीच, शुद्धिपत्रक लिहिलं त्याच संध्याकाळी! नको म्हणून कळवायचं राहून गेलं. आणि मंडळी, आयुष्यात कधी ओरडलो नसेन असा मी ओरडलो, "ए, टेम्पो काढ! काढ टेम्पो! गाडी येतेय!"

तिन्ही मजले हसले. माझ्याच तोंडून तोच शब्द! टेम्पो हटला. दोन्ही बाजूंना चार-चार बोटं जागा ठेवून जोंगा गेटबाहेर पडली. फुटपाथवर वहिनी उभ्या होत्या. आणि ह्या वेळी गाडी थांबली. भिवाभाऊ खाली उतरले, पुढची सीट पंच्यानं पुसली आणि म्हणाले, "चल गो, बस." माणसाला एवढंच बोलायला चाळीस वर्षं लागली. माझे डोळे भरून आले, ते मी धुरावर ढकललं. धूर अर्थातच भरपूर होता.

खुर्च्या देणाऱ्यांचे, हार आणणाऱ्यांचे, आणि दोन वर्षं दुपारची झोप गमावलेल्या सर्व रहिवाशांचे मनापासून आभार. हे शुद्धिपत्रक मी वहिनींच्या हाती देतो. त्यांनी ते चुलीत घालावं, गॅसवर पेटवावं, काय हवं ते करावं. बोलण्याच्या भरात काही कमी-जास्त झालं असेल, तर सेक्रेटरीचं वय झालं म्हणून पोटात घाला. आता माझी शेवटची नोटीस वाचतो आणि खाली बसतो.

"सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, श्री. भिवा घाडी यांनी दर रविवारी सकाळी सौ. मीराबाई यांना पुढच्या सीटवर बसवून गाडी काढावी. न काढल्यास कारवाई केली जाईल." मजकुरात चूक राहिली असल्यास क्षमा असावी. शुद्धिपत्रक निघणार नाही.