सगळ्या तारा एका जुडीत

...नाही, पण तारा नीट बांधणं हा काय गुन्हा आहे का? तुम्हाला सांगतो, अख्खं विमान बांधलं मी घरच्या गॅरेजात, पंख, शेपूट, सगळं. आणि जन्मभर विस्कॉन्सिनच्या लोकांचे वाकडे दात सरळ केलेला माणूस मी, तो तारा वाकड्या ठेवील? दिव्यांची, जनरेटरची, रेडिओची, कानावरच्या हेडफोनची, सगळ्या एकाच जुडीत घेतल्या, मेणाच्या दोऱ्याने बोटबोट अंतरावर गाठी मारल्या... पण दिसायला काय देखणं दिसत होतं हो!

आमचा मित्र डुएन, तोही विमानच बांधतो. माझं विमान हँगरात, म्हणजे विमानतळावरच्या शेडमध्ये नेलं, तेव्हा आत डोकावून नाकातनं म्हणतो कसा, "व्हर्लिन, बाबा रे, जनरेटरची तार डावीकडून ने, हेडफोनची उजवीकडून. ओलांडावीच लागली तर आडवी ओलांड, शेजारी शेजारी निजवू नकोस, एकीची कुरकुर दुसरीत उतरते." मी काय म्हणावं? "डुएन, तुझ्या विमानात तारा आहेत की उंदराचं घरटं?" तेही शनिवारच्या न्याहारीला, अख्ख्या हँगरसमोर, सगळे पॅनकेक खात असताना. आता आठवलं की मान वर होत नाही माझी. पण दिसायला...

आणि आर्लिस, आमची बायको. विमान गॅरेजात, तिची गाडी बाहेर बर्फात, इतके हिवाळे, पण बाईने हूं की चूं केलं नाही. परवा पहिल्यांदा माझ्या शेजारी बसली. म्हणाली, "एक महत्त्वाचं बोलायचंय. वर गेल्यावर बोलते, तिथून तरी तू पाना घेऊन पळणार नाहीस."

गेलो वर. आणि कानात काय... कुंईईई... टक... कुंईईई... टक... इंजिन वाढवलं की सूर वर. दात कोरायचं माझंच यंत्र माझ्या कानात! तिचे ओठ हलतायत, मला नुसतं कुंईईई. तिला बिचारीला वाटलं, विमानं अशीच वाजत असतील.

सांगायचं ना सरळ, बाई, ऐकू येत नाही म्हणून? जीभच रेटेना. तिने गाडीवरचा बर्फ खरवडला तो ह्या जुडीसाठी, हे कुठल्या तोंडाने सांगू? मी मान डोलावली. ती बोलली, मी डोलावली. तिने डोळे पुसले... मी अंगठा वर केला. शरम वाटते हो सांगताना.

उतरलो तर गळ्यातच पडली. "इतक्या चटकन हो म्हणशील असं वाटलं नव्हतं." कशाला हो? विचारणार कसं? तेवढ्यात डुएन हजर. "रेडिओ कसा वाजतोय, डॉक्टर?"

"एकदम स्वच्छ," मी म्हटलं.

"शब्दन् शब्द ऐकलान् ह्याने," आर्लिस म्हणाली. डुएनने जुडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि सज्जन माणूस, कॉफी आणायला गेला. मला तिथल्या तिथे जमीन पोटात घेती तर बरं झालं असतं. पण दिसायला देखणीच हो जुडी, अजूनही!

काल सकाळी एक माणूस आला, गॅरेज मोजायला लागला. मी म्हटलं, हे काय? आर्लिस म्हणाली, "विसरलास? माझ्या आईला आता एकटीला राहणं होत नाही. ती माझ्याजवळ आपल्या खोलीत, आणि तुझा पलंग इथे. तुला तसंही इथेच करमतं." मग मायेने विचारते, "ह्या भिंतीला लावू ना?"

मी अंगठा वर केला.