त्या चाळीस पट्ट्यांविषयी दोन शब्द

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आमच्या कारखान्याचे मालक. वेळात वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे, वीज कंपनीचे खरेदी अधिकारी साहेब. आमचे व्यवस्थापक साहेब. ज्यांच्यासाठी हा सगळा घाट घातला ते आमचे मेणकाका. पहिल्या रांगेत बसलेल्या काकू. आणि कटाईपासून पॅकिंगपर्यंतच्या माझ्या सगळ्या सहकाऱ्यांनो, सगळ्यांना मनापासून नमस्कार.

सहकाऱ्यांच्या वतीने बोलायला मला पाच मिनिटं दिली आहेत. काय बोलायचं तेही दिलं आहे. हा बघा कागद, व्यवस्थापक साहेबांनी स्वतः टाइप करून घेतलाय. यात लिहिलंय, काका मृदुभाषी होते. हसा, हसा. इथे बसलेल्यांपैकी ज्याने काकांची बोलणी खाल्ली नाहीत, त्याने हात वर करावा. एकही नाही ना? माझी पहिली शिवण बघून ते म्हणाले होते, "बाई, मुंग्यांनीसुद्धा याहून सरळ रांग धरली असती." तीन दिवस मी त्यांच्याशी बोलले नव्हते. चौथ्या दिवशी शिवण सरळ आली आणि तेही काही बोलले नाहीत. ती त्यांची शाबासकी, हे कळायला मला वर्ष लागलं.

पुढे कागदात आहे की काका 'प्रकृतीच्या कारणास्तव स्वेच्छेने' निवृत्त होत आहेत. हे वाक्य मी वाचणार होते. खोटं कशाला बोलू? सकाळी घरी आरशासमोर दोनदा वाचूनही बघितलं होतं. पण आत्ता पाहुण्यांनी आपल्या भाषणात आनंदाने सांगितलं की आमच्याकडून आलेले चाळीस कमरपट्टे सोमवारपासून त्यांच्या वायरमनना वापरायला दिले आहेत. साहेब, आपण ते सांगितलंत, टाळ्या पडल्या, माझी टाळी मात्र त्यात नव्हती. म्हणून हा कागद मी घडी करून ठेवतेय. आता जे बोलेन ते माझं.

पाहुण्यांना शिवणीतलं काही ठाऊक असण्याचं कारण नाही, म्हणून आधी तेवढं सांगते. काका शिवतात ते दोन सुयांनी. दोरा एकच, मेण लावलेला, दोन्ही टोकांना एकेक सुई. पट्टा लाकडी चिमट्यात धरायचा, चिमटा गुडघ्यांत. आरीने भोक पाडायचं, आणि त्याच एका भोकातून एक सुई इकडून तिकडे, दुसरी तिकडून इकडे. मग दोन्ही हात लांब करून दोरा असा आवळायचा की खांद्यातून कळ यावी. प्रत्येक भोकातून दोरा दोनदा जातो. त्यामुळे एक टाका तुटला तरी शेजारचे टाके जागा सोडत नाहीत. दिवसाला दोन पट्टे होतात, फार तर अडीच.

मी शिवते मशीनवर. वरचा दोरा वर राहतो, बॉबिनचा खाली, आणि चामड्याच्या पोटात दोघं एकमेकांत अडकतात. दिसायला सुरेख, काकांच्या शिवणीहूनही सुरेख. दिवसाला तीस पट्टे. मशीनला नावं ठेवायला मी उभी नाही, माझं घर एकोणीस वर्षं तिच्यावर चाललंय. पिशव्या शिवा, पाकिटं शिवा, बुटांचे वरचे भाग शिवा, जन्मभर काही होत नाही. पण ओढ बसते अशा जागी त्यातला एक दोरा तुटला, की पुढचा टाका सैल होतो, मग त्याच्या पुढचा. आणि वायरमनचा पट्टा दिवसभर करतो काय? खांबाला घासतो. टाका तुटणारच, आज नाहीतर महिन्याने. तुटल्यावर पट्टा धरतो की नाही, एवढाच प्रश्न आहे.

हा प्रश्न आमच्याकडे कागदावर सोडवत नसत. शिलाई विभागात तुळईला एक लोखंडी हूक आहे. मालक, आपल्या वडिलांच्या काळापासून आहे. नवा माल बाहेर जाण्याआधी शिवणाऱ्याने त्यातला एक पट्टा उचलायचा, रापीने मधला एक टाका स्वतः कापायचा, पट्टा कमरेला बांधून हुकाला अडकवायचा आणि पायाखालचा बाक ढकलून द्यायचा. बाकीच्यांनी मोठ्याने शंभर मोजायचे. याला आम्ही 'लटकणं' म्हणतो. काका चौतीस वर्षं लटकले. नव्वदीत पोचलं की मुद्दाम सावकाश मोजायचो आम्ही, आणि ते वरून शिव्या द्यायचे. मृदुभाषी!

व्यवस्थापक साहेब आले आणि त्यांनी हा 'पोरखेळ' बंद केला. त्यांचाच शब्द. वेळ जातो म्हणाले. त्याच महिन्यात पट्ट्यांची नवी ऑर्डर आली आणि हातशिलाईऐवजी ती माझ्या मशीनवर टाकली. चाळीस पट्टे, वर नेहमीचा एक जादा, मी दीड दिवसात संपवले. मला बरंही वाटलं होतं, उगाच कशाला लपवू?

दोन महिन्यांपूर्वीचा तो मंगळवार. पट्टे पेटीत भरायचे होते. काका माझ्या मशीनपाशी आले, त्यातला एक उचलला आणि रापी माझ्यापुढे धरली. "तुझी शिवण आहे. लटक."

मी म्हटलं, "काका, आता ते बंद झालंय. साहेबांनी सांगितलंय."

"साहेब चढणारेय का खांबावर?"

मी खाली मान घालून बॉबिन भरत बसले. भरलेली बॉबिन पुन्हा भरत होते. नियमाने लटकायचं मी होतं. काकांनी आणखी एकदा विचारलं नाही. टाका स्वतःच कापला, पट्टा स्वतःच्या कमरेला बांधला, बासष्टाव्या वर्षी बाकावर चढले आणि बाक ढकलला. आम्ही मोजायला लागलो. अकरापर्यंत पोचलो. मग टरकन आवाज झाला आणि काका फरशीवर होते. खुब्याचं हाड मोडलं.

अहवालात काय आलं? 'मालाची अनधिकृत हाताळणी व स्वतःचा निष्काळजीपणा.' चौतीस वर्षांत ज्याने एक टाका निष्काळजीपणे घातला नाही, त्याच्यावर खापर फोडलं. खाली साक्षीदाराची सही आहे. माझी. होय, काकू, माझी. मला केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची दिली, चहा दिला आणि सांगितलं, पट्टे पाठवणार नाही, उसवून हाताने शिवून घेऊ, तू फक्त सही कर, नाहीतर तुलाही घरी बसावं लागेल. मी घाबरले. सही केली. आणि दोन महिने स्वतःची समजूत घालत राहिले की पट्टे मागच्या गोदामात आहेत. गोदाम माझ्या मशीनपासून वीस पावलांवर आहे. एकदाही जाऊन बघितलं नाही. व्यवस्थापक साहेबांनी मला फसवलं हे खरं, पण मीही फसायला किती तयार होते!

आणि आज भेट म्हणून काय आणलंय? चांदीच्या मुठीची काठी. माणसाचा पाय घालवायचा आणि वर काठी देऊन फोटो काढायचा! कुणाला सुचलं हे? लाज कशी वाटली नाही?

नाही, व्यवस्थापक साहेब, माइक बंद करून उपयोग नाही. एकोणीस वर्षं मशीनच्या आवाजाच्या वर आवाज चढवून बोलतेय, माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. मालक, आपल्याला हे ठाऊक होतं की नव्हतं, ते आपलं आपण बघा. मला आत्ता आपल्याशी बोलायला वेळ नाही.

पाहुणे साहेब, मला आपल्याशी बोलायचंय. अकरा वाजून वीस मिनिटं झाली आहेत. आत्ता, मी इथे बोलतेय तेव्हा, आपली चाळीस माणसं खांबांवर आहेत. हात सोडून, पट्ट्यावर भार टाकून काम करताहेत, कारण पट्टा त्यासाठीच असतो. आज बुधवार, म्हणजे घासायला तिसरा दिवस. कुठला टाका कधी तुटेल ते मी सांगू शकत नाही. पण तुटल्यावर काय होतं ते आम्ही पंचवीस जणांनी डोळ्यांनी बघितलंय. विचारा यांना. अरे, खाली काय बघताय? पाहुण्यांकडे बघा!

साहेब, फोन करा. माणसं खाली उतरवा. भाषण नंतर होईल, मानपत्रही नंतर होईल.

...उठलात. आभारी आहे. बाहेर पायऱ्यांवर उभे राहा, आत फोन नीट लागत नाही.

काका, दोन महिने तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. तुम्हाला भेटायला दोनदा दारापर्यंत आले आणि मागे फिरले. अहवालावरची ती सही मी आज सगळ्यांसमोर मागे घेते, उद्या लेखी देईन. त्या दिवशी लटकायचं मी होतं. तुमची माफी मी इथे मागणार नाही, माइकवरून मागायची ती गोष्ट नव्हे. ती घरी येऊन मागेन. दार उघडायचं की नाही ते काकूंनी ठरवावं.

पाच मिनिटांची पंधरा झाली, तरी सभागृहाने ऐकून घेतलं, त्याबद्दल अध्यक्षांचे आणि आपणा सर्वांचे आभार. बोलण्याच्या भरात काही कमी-जास्त झालं असेल तर ते मोठ्या मनाने पोटात घाला. ते चाळीस पट्टे मात्र कोणी पोटात घालू नका. चाळीसच्या चाळीस माझ्या हातचे आहेत.