रशियाचं सरकार आन् आत्तीची म्हस
पदकं का मिळत न्हाईत म्हणून पेपरावर डोकं आपटू नका रं, च्या प्या. बाहत्तरच्या दुष्काळात मी दिल्लीला रशियाच्या पैलवानाशी लढलो. त्याच्यासंगं डॉक्टर, मालिशवाला, आचारी, समदे सरकारी. माझ्यामागं आमच्या उंब्रजची सखूआत्ती. गावात दुभती म्हस तिचीच उरलेली. नातवंडांना कोरा च्या पाजून दूध मला तालमीत धाडायची.

हरलो. तोंड लपवत घरी आलो, तर आत्ती दारात.

"पाडलं व्हय रं तुला?"

"पाठ लावू दिली न्हाई, आत्ती. गुणांवर हरलो."

"त्याला कुणी पोसलं?"

"सरकारनं."

"आन् तुला?"

"तुझ्या म्हशीनं."

"मग रडतोस कशाला? आख्ख्या सरकारला माझी म्हस पाडता आली न्हाई!"

त्याच दुधावर ही हाडं अजून उभी हायत. म्हस वाटंत आडवी आली तर आधी हात जोडतो, मग शिवी देतो.