मिस्त्रींनी निवडलेली गिटार

गिटारचं नावसुद्धा काढू नका माझ्यासमोर! कॉलेजात असताना पनवेलच्या दुकानात गिटार घ्यायला गेलो, तर बाबांनी पारख करायला कोणाला आणावं? आमची दारं-खिडक्या करणाऱ्या मिस्त्रींना!

मी निवडलेल्या चांगल्या कंपनीच्या गिटारवर त्यांनी टकटक केलं. "साहेब, लाकूड पातळ हाय. टिकनार नाय." मग कुठलीशी नाव-गाव नसलेली, दारासारखी जड गिटार उचलून म्हणाले, "ही घ्या. मानूस बसला तरी मोडनार नाय!"

"अहो, बसायचंय कोणाला? वाजवायचीय!" मी ओरडलो. तोवर बाबांनी पैसे दिलेसुद्धा.

ती धड कधी वाजलीच नाही. हल्ली माळ्यावर तिच्यावर लोणच्याच्या चार बरण्या असतात. परवा बाबा मलाच वर बोट दाखवून म्हणतात, "बघ, वाकलीय का कुठे?"