आजारी आई पाहिजे

आई : झोपणार नाही म्हटलं ना एकदा! अंगात काडीचा ताप नाही आणि भर सकाळी मी पांघरूण घेऊन पडू? मेले की पडेन हो निवांत. तोवर नाही.

मुलगा : अगं, कण्हायला कोण सांगतंय? नुसती पडून राहा. पक्षाध्यक्ष येतील, तब्येतीची चौकशी करतील, दोन मिनिटं बसतील आणि जातील. एवढंसुद्धा करणार नाहीस माझ्यासाठी?

सहायक : फक्त सदिच्छा भेट आहे, आईसाहेब. फळांची करंडी देतील. फोटोवाला जिन्यातच थांबेल, अशी मी व्यवस्था केलेली आहे.

आई : हा कोण?

मुलगा : माझा सहायक. कार्यालयाचं सगळं हाच बघतो.

आई : म्हणजे तुझ्या खोट्याला इस्त्री करणारा. बस बाबा, उभा का? त्या खुर्चीचा पाय हलतो, जपून. आणि मला एवढं सांग, मला झालंय तरी काय? आजारी मी आणि मलाच पत्ता नाही!

सहायक : परवा आम्ही… म्हणजे कार्यालयातर्फे… छाती कळवली होती.

आई : ऐका! ह्यांनी माझी छाती कळवली!

मुलगा : तू कशाला बोलतोस रे मध्ये?

आई : बोलू दे त्याला. तुझ्यापेक्षा बरा आहे, निदान विचारल्यावर सांगतो तरी. काल समोरची शिंपीण डबा घेऊन आली. मी गॅसची टाकी ओढत होते. बाई दारातच खिळली. म्हणे, अहो, तुम्ही तर अत्यवस्थ होतात ना? टीव्हीवर सांगितलं, आमदार मतदान सोडून आईकडे धावले. कुठं धावलास रे? माझ्या उंबऱ्याला तुझा पाय लागून किती दिवस झाले ते तो उंबराच जाणे.

मुलगा : आई, माझ्यावर काय वेळ आलीय ते आधी ऐकून घे. परवा त्या विधेयकाचं पहिलं मतदान होतं. शेवटचं आज दुपारी आहे. आज मी सभागृहात नसलो की सुटलो.

आई : कुठलं विधेयक?

मुलगा : शीतगृहांचं. लहान शीतगृहांना दरवाजासंबंधीच्या तरतुदींमधून वाजवी सूट देण्याबाबत—

आई : भाषण नको. मी काही हार घेऊन बसलेली नाही. आतून दार उघडायची कडी काढायची, हेच ना?

मुलगा : काढायची नाही. सक्ती काढायची. ज्यांना ठेवायची ते ठेवतील.

आई : आणि दाराबाहेर राखणीला बाई बसते, ती?

मुलगा : तीसुद्धा मालकाच्या मर्जीवर.

आई : वा! मांजराच्या मर्जीवर उंदराचा जीव. तू कधी गेलायस का त्या खोलीत, कामाला म्हणून? मी वटाण्यांच्या पिशव्या भरल्यात तिथं, केस पांढरे होईस्तोवर. हात आधी दुखतात, मग जळतात, मग दुखायचे थांबतात. थांबले की भ्यायचं असतं. आणि दार लागलं की बाहेरचं काही ऐकू येत नाही. आपण ठोठावतो ते आपल्यालाच.

मुलगा : मला माहीत आहे ते.

आई : माहीत असायलाच हवं. त्याच्यावरच तर उभा आहेस! तुझी सख्खी धाकटी बहीण आत अडकली होती. मुकादम कुलूप घालून जेवायला गेला होता. तू पहार आणलीस, कुलूप तोडलंस, तिला पाठीवर घालून बाहेर काढलंस. धाकटीच्या पायाची दोन बोटं तिथंच गेली. आणि तुझा जयजयकार सुरू झाला. भिंतीभिंतीवर तू आणि तुझी ती पहार! मी घरोघर हिंडले. हा तुमच्या लेकीबाळींसाठी दार उघडेल, म्हणत चाळीच्या चाळी चढले.

मुलगा : आणि उघडलं की नाही? माझं पहिलं भाषण त्या कायद्यावर. पहिलं मत त्या कायद्याला. ते विसरलीस?

आई : नाही विसरले. पण पहिलटकरणीचं कौतुक जन्मभर पुरत नाही. त्यानंतर काय केलंस ते सांग.

मुलगा : माझी सगळी नोंद उघडी आहे. कुणीही तपासावं. गरिबाच्या विरोधात मी आजवर एकदाही मत दिलेलं नाही. एकदाही!

आई : बाजूनं?

मुलगा : बाजूनं म्हणजे?

आई : बाजूनं किती वेळा दिलंस, ते विचारतेय. भाडेकरूंना घराबाहेर काढायचा तो कायदा आला, तेव्हा काय केलंस?

मुलगा : तेव्हा मी उपस्थित नव्हतो.

आई : सरकारी दवाखान्यात पैसे घ्यायला लागले, तेव्हा?

मुलगा : तेव्हाही… कामात होतो.

आई : कसल्या कामात? खोटं बोलतोयस. त्या दिवशी तू सभागृहातच होतास. तूच फोन केला होतास मला तिथून, गुडघा कसा आहे विचारायला. मला पक्कं आठवतं. कारण मी नळावर सगळ्या बायांना ऐकवलं होतं, आमदार झाला तरी माझा लेक चालू कामातून आईला फोन करतो. भाडेकरूंच्या वेळीही केला होतास. गोळ्या घेतल्यास का, म्हणून. तुझ्यामागे घंटा वाजत होती. मी म्हटलं, बरं झालं, चहाची सुट्टी झाली वाटतं, पोरगं चार घोट घेईल.

सहायक : चहाची नाही, आईसाहेब. ती मतदानाची घंटा.

मुलगा : तू गप्प बसतोस का?

आई : मतदानाची म्हणजे कशी? सांग मला.

सहायक : म्हणजे… मतदान पुकारलं की घंटा सुरू होते. बाहेर असतील त्या सदस्यांनी ती थांबायच्या आत सभागृहात यायचं. थांबली की दारं लावून घेतात. मग आतल्यांनीच मत द्यायचं. बाहेर राहिला तो राहिला. साहेब, मी नियम सांगितला फक्त.

आई : असं.

मुलगा : आई…

आई : थांब. मला नीट लावू दे. घंटा वाजली की सगळे आत पळायचे. आणि तू बाहेर. फोन काढायचा नि मला लावायचा.

मुलगा : तुझी काळजी वाटायची म्हणूनच करत होतो.

आई : काळजी! घंटा वाजल्यावरच कशी रे वाटायची तुला माझी काळजी? सणकून एक ठेवून दिली असती, पण आता तुझ्या गालापर्यंत माझा हात पोचत नाही. मी हातातलं काम टाकून धावायचे त्या फोनला. ओल्या हातानं उचलायचे. एकदा दूध उतू गेलं, गेलं तर गेलं म्हटलं. आणि तू दाराबाहेर उभा राहून माझ्या गुडघ्याआड लपायचास!

मुलगा : लपलो नाही. राजकारण आहे ते. थेट विरोध केला तर पक्ष हाकलतो. थेट पाठिंबा दिला तर लोक दारात उभं करत नाहीत. मधला रस्ता काढावा लागतो.

आई : मधला रस्ता नव्हे तो, ती पायवाट शेळीची. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं. तेही कुठं लपवायचं, तर म्हातारीच्या पदराखाली!

सहायक : साहेब, अध्यक्षांची गाडी निघालीय. पोचतीलच एवढ्यात.

मुलगा : आई, आता भांडायला वेळ नाही. शांतपणे ऐक. दोन्ही बाजू आज जवळजवळ सारख्या आहेत. पक्षाचा हुकूम आहे, सगळ्यांनी बाजूनं मत द्यायचं. मी अध्यक्षांना सांगितलंय की आईचं काही खरं नाही, मला सुट्टी द्या. ते म्हणाले, स्वतः येऊन बघतो. त्यांनी तुला अंथरुणात पाहिलं की मी मोकळा. ना हो म्हणायचं, ना नाही. आणि मंत्रिमंडळ वाढलं की मंत्रिपद ठेवलंय माझ्यासाठी. मंत्री झालो की काय वाटेल ते करता येईल. कड्याच काय, मी दारं नवी बसवीन!

आई : आणि तोवर?

मुलगा : तोवर काय?

आई : तोवर बायांनी आत काय करायचं? तू मंत्री होईस्तोवर फुंकर घालत बसायचं हातांवर?

मुलगा : मालक म्हणतात, नियम सैल झाले नाहीत तर लहान शीतगृहं बंद पडतील. मग काय खाशील? धाकटी अजून तिथंच कामाला आहे, तीच आधी घरी बसेल. ह्याचा कुणी विचार करायचा?

आई : हे खरं वाटतं तुला?

मुलगा : थोडं खरं आहेच.

आई : मग ऊठ नि बाजूनं मत दे! सांग सगळ्यांना, की मला मालकांचं पटलं. मी तुला इथूनच जोड्यानं मारायला येईन, पण माणूस म्हणून मारीन. आता कुणाला मारू? रिकाम्या खुर्चीला? धड वैरी नाहीस, धड आपला नाहीस. कोपऱ्यातल्या केरसुणीलासुद्धा बाजू असते, कुणाच्या तरी हातात असते ती!

मुलगा : बोलणं सोपं आहे. तुला मतदारसंघ सांभाळायचा नाहीये.

आई : मी तुला सांभाळलं, तेच पुरे झालं.

सहायक : साहेब, गाडी गल्लीत शिरली. पांढरी. मागे अजून दोन आहेत.

मुलगा : आई, पाया पडतो. शेवटचं मागतोय. आज एक दिवस आडवी हो. परत कधी तुझं नाव वापरणार नाही. हे बघ, उशी इथं ठेवतो. पांघरूण कुठंय?

आई : हात लावू नकोस त्या पांघरुणाला. आणि सरक.

मुलगा : कुठं निघालीस? आई! खिडकीत नको जाऊस! अगं, तू आजारी आहेस!

(आई खिडकीची दोन्ही दारं उघडते आणि अर्धी बाहेर वाकते.)

आई : अहो अध्यक्षसाहेब! इकडं वर बघा, वर! हो, मीच! आमदाराची आई! नका चढू, जिना फार अरुंद आहे, तुम्ही आणि तुमची करंडी दोघं मिळून नाही मावायचे! छातीत? छातीत काही नाही हो झालेलं, आवाज पोचतोय ना गल्लीच्या टोकाला? फळं त्या समोरच्या शिंपिणीला द्या, काल बिचारीचा डबा फुकट गेला! काय म्हणता? मुलगा? आहे ना, इथंच आहे! येतोय खाली! तुमच्याच गाडीत घ्या त्याला, मतदानाला उशीर नको! थांबा हं, गाडी बंद करू नका!

सहायक : साहेब, अध्यक्ष… हसतायत. म्हणजे ते त्यांच्या नेहमीच्या हसण्यासारखं नाहीये.

मुलगा : झालं. संपवलंस मला. स्वतःच्या हातानं संपवलंस.

आई : कुणी संपवलं? मी तर तुला कामावर धाडतेय. लोक आमदाराला कामावर जा म्हणून सांगत नाहीत, मी सांगितलं, एवढाच माझा गुन्हा.

मुलगा : कळतंय का तुला काय केलंस? आता त्यांच्या शेजारी बसून जायचं आणि त्यांच्या शेजारी बसूनच बटण दाबायचं. बाजूनं दाबलं तर वस्तीत तोंड दाखवता येणार नाही. विरोधात दाबलं तर तिकीट गेलं, मंत्रिपद गेलं, कदाचित पक्षातूनच हकालपट्टी.

आई : हो. आमच्यासारखंच झालं की तुझं. आम्हालाही रोज असंच असतं, हे केलं तर ते जातं नि ते केलं तर हे. तरी कामावर जातोच.

मुलगा : तुझं काय जातंय बोलायला! मी पडलो तर मला कोण विचारणार आहे?

आई : पडलास तर मला सांगायला ये. फोन करू नकोस, ये. जिना चढून. शिव्या देईन आणि जेवायला वाढीन. दोन्ही पोटभर.

सहायक : साहेब, ते हॉर्न देतायत.

आई : तुझा तो फोन ह्याच्याकडे देऊन ठेव. नको नेऊस आत. सदऱ्याची कॉलर नीट कर. अशी नाही, इकडे ये. मान वर. लहानपणापासून ही कॉलर तुला कधी जमली नाही.

मुलगा : आई.

आई : काय?

मुलगा : धाकटीची आज कुठली पाळी आहे?

आई : दुपारची.

मुलगा : म्हणजे मतदान सुरू होईल तेव्हा ती—

आई : आत असेल.