धरण्याचा दिवस

दोन हजार तेवीस सालचा आषाढ. भाताची रोपं लावायची आवणी चाललेली, म्हणजे गावात माणूस मिळत नाही. तरीही ओढ्यावर मोरी बांधून द्या म्हणून मी तालुक्याच्या कचेरीसमोर धरणं धरायचं ठरवलं. घरटी एक माणूस मागितला. आली ती एकटी शेजारची हौसा. दिवसभर आम्ही दोघंच बसलो. साहेबानं बाहेर येऊन अर्ज घेतला आणि तो आत गेला.

दुसऱ्या दिवशी हौसा माझ्या दारात.

"आबा, उद्या माझ्या खाचरात या. सावड फेडायची हाय."

आवणीला आम्ही एकमेकांकडे राबतो, दिवसाला दिवस. तीच सावड. मी म्हणालो, "कसली सावड? तू तर नुसती बसलीस."

"दोनदा उठाय लागले, तर तुमीच खाली बशिवलं. म्हनलात, बस, हे बी कामच हाय."

"ते काम गावाचं व्हतं, माझं न्हाई."

"मग मला बोलवाय गाव का न्हाई आलं? तुमी आलता. हितं माझ्या तरव्यातली रोपं पिवळी पडाय लागल्यात. धरणं हे काम न्हवं, एवढं तोंडानं म्हना. मी गुमान घरी जाते."

तेवढं मात्र माझ्या तोंडून निघेना. बायको आत चुलीपाशी हसत होती.

सकाळी सातला मी हौसाच्या खाचरात उतरलो. दिवस मावळायच्या आत तिची आवणी उरकली. दिवसाला दिवस फिटला.